पोटखराब्यातले झाड

दिवाळसण म्हटला म्हणजे सासऱ्याच्या कपाळावर आठी आणि जावयाच्या ओठांवर हसू, हे पूर्वापार ठरलेले आहे. गेल्या वर्षी आमच्या बारामतीच्या घरी आठी पडली खरी, परंतु ती सासूबाईंच्या कपाळावर. नरकचतुर्दशीची आंघोळ आटोपून आम्ही फराळाला बसलो होतो. मी रीतीप्रमाणे जावईबापूंना विचारले, "काय, अंगठी करायची की घड्याळ?" जावईबापू पुण्याच्या एका कारखान्यात अभियंता आहेत, माणूस मितभाषी. हातातली करंजी बशीत ठेवून ते म्हणाले, "मामा, राग येणार नसेल तर मागतो. सोने नको. इकडच्या माळावरचे एखादे जुने झाड मिळाले तर पाहा."

माझी सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात गेली. सनावळ्या चुकवणारे विद्यार्थी मी पाहिले, गुण वाढवून मागणारे पालक पाहिले. पण दिवाळसणाला झाड मागणारा जावई मी तरी कोणत्या बखरीत वाचला नव्हता. शेवटी आमच्या लेकीने खुलासा केला. तिच्या यजमानांना वामनवृक्षांचा, म्हणजे हल्ली सर्रास ज्यांना बोन्साय म्हणतात त्यांचा नाद आहे. पुण्याच्या घराच्या गॅलरीत पंधरा-वीस कुंड्या आहेत. परंतु कुंडीत बीपासून वाढवलेल्या झाडाच्या अंगावर म्हातारपण दिसू लागायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. उघड्या रानात ऊन, वारा, कुऱ्हाड आणि शेळ्या यांनी आयतेच खुजे करून ठेवलेले झाड हाती लागले, तर पन्नास वर्षांचे काम आधीच झालेले असते.

"म्हणजे वाढ खुंटलेलं झाड!" आमची सौ. म्हणाली. "असलं झाड घरात ठेवू नये म्हणतात. आणि दोन दिवसांवर बळीचा पाडवा आलाय. बळीच्या सणाला तुम्ही वामनाला घरात घेणार?"

या बिनतोड मुद्द्यावर जावईबापू गप्प झाले. मला मात्र विषयाची गोडी लागली. झाड पाहण्याआधी त्याचे मूळ शोधावे, ही आमची पेशाची खोड.

मूळ निघाले चीनमध्ये. तांग घराण्यातल्या झांगह्वाय नावाच्या राजपुत्राच्या थडग्यात 706 सालच्या सुमाराची भित्तिचित्रे आहेत. त्यांत सेवकांच्या हातांतल्या तबकांत चिमुकली झाडे आणि दगड दिसतात. तिथून ही कला जपानात गेली आणि तिथलीच होऊन बसली. 'बोन' म्हणजे तबक, 'साय' म्हणजे लावलेले. रानातून आणलेल्या झाडाला ते 'यामादोरी' म्हणतात, म्हणजे डोंगरातून घेतलेले. जपानी नोह रंगभूमीवर 'हाची नो कि', म्हणजे कुंडीतली झाडे, या नावाचे एक जुने नाटक आहे. त्यातला त्सुनेयो हा दैन्याला आलेला सामुराई. बर्फ पडत असलेल्या रात्री दारी एक वाटसरू साधू येतो. घरात सरपण नाही. तेव्हा त्सुनेयो आपली जिवापाड जपलेली कुंडीतली तीन झाडे, आलुबुखार, चेरी आणि पाइन, तोडून पाहुण्याला शेक देतो. तो साधू म्हणजे राज्याचा कारभारी होजो तोकियोरी असतो. पुढे तो त्सुनेयोला त्या तीन झाडांची नावे असलेल्या तीन जहागिऱ्या देतो. झाडाचे मोल कशात आहे, हा प्रश्न निदान तेव्हापासूनचा आहे.

त्याच जपानात याची दुसरी बाजूही आहे. इतोइगावा भागातल्या कड्यांवर शिंपाकु जातीचे जुनिपर वाऱ्याने आणि बर्फाने पिळवटलेले असत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत संग्राहकांनी दोर लावून, जीव धोक्यात घालून ते काढले. काही जण कड्यावरून पडून मेले. त्या कड्यांवर आता तशी जुनी झाडे जवळजवळ उरली नाहीत. ती कुंड्यांत आहेत, प्रदर्शनांत आहेत, कड्यावर नाहीत.

हे मी जावईबापूंना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणूनच तर म्हणतो मामा, आधी पाहू. काढायचे की नाही ते नंतर."

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच जावईबापू, आमची लेक आणि मी असे तिघे इंदापूरच्या वाटेला लागलो. ज्यांनी हा मुलूख पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की इथे एका तालुक्यात दोन देश नांदतात. 1876-78 च्या मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ नीरेचा डावा कालवा झाला. 1880 च्या दशकात त्याचे पाणी खेळू लागले आणि कालव्याच्या खालच्या अंगाला मळे उभे राहिले. आज तिथे ऊस आहे, साखर कारखाने आहेत. कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र पर्जन्यछायेतला जुना माळ पुष्कळ ठिकाणी तसाच आहे. पाऊस वर्षाला 20 इंचांच्या आसपास, तोही लहरी. पायाखाली मुरूम, त्यावर कुसळी गवत, तरवड, हेकळ, बोर आणि हिवर. या माळाचा बराच भाग वनखात्याकडे आहे, आणि तिथले झाड परवानगीवाचून उचलणे हा गुन्हा आहे. सुप्याजवळचा माळ तर चिंकारांसाठी 1997 पासून मयूरेश्वर अभयारण्य म्हणून राखलेला आहे. तेव्हा आम्ही गेलो ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मालकीच्या रानात. त्याने आधीच सांगून टाकले होते, "गुरुजी, पाहिजेल ती बोर न्या. तेवढंच काटं कमी हुतील."

दोन तास हिंडल्यावर एका उतारावर ती बोर दिसली. उंची माझ्या गुडघ्याहून थोडी अधिक; बुंधा मात्र दोन्ही पंजांच्या कवेत मावेना. शेळ्यांनी वर्षानुवर्षे शेंडे खुडून तिची काटेरी उशी करून टाकली होती. बुंध्यावर एके ठिकाणी कुऱ्हाडीचा जुना घाव होता आणि त्याच्या कडा सालीने चहूकडून गिळत आणल्या होत्या.

जावईबापू झाडाकडे न पाहता आधी जमिनीकडे पाहू लागले. गुडघे टेकून त्यांनी बुंध्याशी माती हाताने बाजूला सारली. झाड खांबासारखे पुरलेले दिसू नये, मुळे पसरून जमिनीला धरून बसलेले दिसावे, ही पहिली परीक्षा. खोड खालून वर निमुळते होत गेले आहे की नाही, ही दुसरी. फांद्या काय, पुढे वाढवता येतात. पण खोडाचा खालचा वीतभर भाग कुंडीत घडवायला पिढ्या लागतात, म्हणून नजर आधी तिथे जाते. झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट असावी, असा या मंडळींचा एक ठोकताळा आहे. आमची बोर त्याहूनही ठेंगणी होती. मग त्यांनी नखाने एक बारीक फांदी खरवडली. सालीखाली हिरवे होते.

"किती गुण?" मी विचारले.

"मामा, पैकीच्या पैकी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा बदललेला होता.

हे शब्द ऐकून माझ्यातला मास्तर जागा झाला. कारण ज्या मातीवर आम्ही गुडघे टेकले होते त्या मातीलाच एके काळी आण्यांत गुण देण्यात आले होते. ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

1818 मध्ये पेशवाई गेली आणि या मुलखाचा सारा किती घ्यावा, हा प्रश्न इंग्रजांपुढे आला. 1820 च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने पाहणी केली. अर्थशास्त्र वाचलेला, हुशार माणूस. शेताचे उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नातले शेकडा 55 सरकारने घ्यावे, असे त्याचे सूत्र. कागदावर नामी. पण हाताखालच्या माणसांनी घेतलेली मापे चुकली, उत्पन्नाचे अंदाज चढे निघाले आणि त्यात भाव पडले. वसुलीपायी रयत मेटाकुटीला आली. इंदापुरात शेते पडीक पडली, आणि कित्येक माणसे गाव सोडून गेली.

1835 साली गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा इंजिनियर लेफ्टनंट इंदापुरात आले. आले ते प्रिंगलची पाहणी दुरुस्त करायला, आणि निराळीच पद्धत बसवून गेले. पुढे मुंबई इलाख्यात ती सर्वत्र चालली. निव्वळ उत्पन्नाचा तो बारीक हिशेब त्यांनी सोडून दिला. शेतात उकरून पाहायचे. माती किती हात खोल आहे, काळी आहे, तांबडी आहे की मुरमाड आहे, त्यावरून प्रत लावायची. 1847 च्या संयुक्त अहवालात ही रीत पक्की झाली तेव्हा प्रती 9 होत्या. पहिली 16 आण्यांची. मग 14, 12, 10, 8, 6, साडेचार, 3 आणि शेवटची 2 आण्यांची. मातीत चुनखडी मिसळलेली असली, जमीन उताराची असली, वाहत्या पाण्याने धुपत असली, पाणी मुरत नसले, तर एकेका दोषाला एकेक प्रत खाली. आणि एकदा बसलेला आकार 30 वर्षे हलवायचा नाही. शेतात जिथे नांगर चालतच नाही असा तुकडा आकारातून वगळायचा, तो 'पोटखराब'. हा शब्द सातबाऱ्यावर आजही आहे.

गोल्डस्मिड आणि विंगेट काही साधुसंत नव्हते; सरकारला सारा हवाच होता. पण दोन पाहण्यांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. प्रिंगलने विचारले, या शेतातून आपल्याला किती मिळायला हवे? पुढच्यांनी विचारले, या शेताला आणि ते कसणाऱ्याला किती सोसेल? इंदापूर पुन्हा वस्तीला आले ते या दुसऱ्या प्रश्नामुळे.

हे पुराण ऐकून जावईबापू हसले आणि म्हणाले, "मग आपणही खड्डा घेऊन पाहू."

बुंध्यापासून हातभर अंतरावर त्यांनी पहारीने हलक्या हाताने उकरले. चार बोटे माती, मग मुरूम, मग कातळ. कातळाला एक भेग होती आणि बोरीचे जाड मूळ त्या भेगेत सरळ खाली गेले होते. झाडाला पाणी पुरवतात ती केसासारखी बारीक मुळे. ती वर कुठेच नव्हती. जिथे ओल तिथे ती, म्हणजे आमच्या पहारीच्या आवाक्याबाहेर खोल.

"रूप 16 आणे," मी म्हणालो, "आणि मुळे 2 आणे."

"एकदम काढायचे नाही," ते म्हणाले. "एका पावसाळ्यात अर्ध्या बाजूने चर घ्यायचा, मुळे छाटायची, चरात वाळू आणि शेणखत भरायचे. बुंध्याजवळ नवी मुळे फुटतात. दुसऱ्या वर्षी दुसरी बाजू. तिसऱ्या वर्षी उचलायचे. तरी सोटमुळाचा धोका राहतोच."

"जगण्याची आशा?"

"निम्मी म्हणा."

'निम्मी' हा शब्द मला टोचला, त्याचे कारण जुने आहे. नोकरीला लागलो त्या वर्षी हौसेने मी माळावरचा एक छोटा हिवर ऐन वैशाखात उपटून अंगणात आणला होता. सोटमूळ वीतभर ठेवून तोडले होते. पंधरा दिवसांत त्याला पोपटी पालवी फुटली. मी आल्यागेल्याला ती दाखवीत असे. आषाढात झाड वाळले. ती पालवी नव्या मुळांची नव्हती. खोडात साठलेल्या शिदोरीवर झाडाने केलेला तो शेवटचा खर्च होता, हे मला फार उशिरा कळले. त्या खड्ड्यात नंतर आम्ही तुळस लावली. मला कोणी बोलले नाही, पण अजूनही तुळशीला पाणी घालताना तो हिवर आठवतो.

आम्ही असे गुडघे टेकून बसलेलो असताना मागून आवाज आला, "राम राम. काय, गुप्तधन घावलं का काय?" खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा धनगर उभा होता; मागे मेंढरे आणि चार-सहा शेळ्या.

"नाही बाबा," मी म्हणालो. "ही बोर बघतोय. न्यावी म्हणतोय, कुंडीत लावायला."

"हिला? बोरं बी धड येत न्हाईत हिला." तो खाली बसला. "माझ्या बापानं बी हिला एवढीच बघितली आन् मी बी एवढीच. बहात्तरच्या दुष्काळात पाला समदा वरबाडला आमी. बुडात कुऱ्हाड घातली जळणाला. ही खूण त्याचीच. तरी फुटली."

1972 चा दुष्काळ मलाही आठवतो. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारी माणसे आणि सुकडीची रांग. कुऱ्हाडीच्या त्या घावाला एकाएकी साल मिळाले.

"ऱ्हाईल का जित्ती, नेली तर?" लेकीने त्याच्याच बोलीत विचारले.

"बाय, हितं पाण्याबिगर जगतीया," म्हातारबा म्हणाला. "तुमच्या तिथं पाण्यानं मरंल." मग उठता उठता म्हणाला, "आन् यंदा पाऊस बरा झालाय म्हनून अशी दिसतीया. झाड बघायचं तर वैशाखात बघावं. आमी उद्या-परवा कोकणात उतरणार. मिरगाच्या तोंडाला माघारी येतू."

आम्ही माती परत सारखी केली आणि निघालो.

परतताना नीरेकाठच्या गावी माझ्या चुलतभावाकडे फराळाला थांबलो. त्याचा जुना वाडा पडायला आला होता. मागची दगडी भिंत उतरवून नवे बांधकाम करायचे घाटत होते. त्या भिंतीत छातीच्या उंचीवर पाखराच्या विष्ठेतून रुजलेला एक पिंपळ होता. मुळांची जाळी दगडांच्या सांध्यांतून पसरलेली. वय वीस-पंचवीस वर्षांचे असेल. उंची चार हात. अण्णांची पंचाईत ही, की गवंडी भिंत पाडायला तयार, पण पिंपळाला हात लावायला तयार नव्हता. पिंपळावर मुंजा असतो!

जावईबापूंनी तिथेही पाहणी केली. खोड सरळसोट, निमुळतेपण बेताचे, पान कुंडीच्या मानाने मोठे. "10 आणे," ते म्हणाले. "पण मुळे पाहा, उथळ आहेत आणि भरपूर आहेत. वड-पिंपळाची मुळे छाटली तरी पुन्हा फुटतात." त्यांनी अण्णांना एकच विनंती केली, की भिंत खुशाल पाडावी, पण तेवढा चार-पाच फुटांचा तुकडा आषाढापर्यंत राहू द्यावा. थंडीच्या तोंडाशी पिंपळ काढणे बरे नव्हे. अण्णा जरा कुरकुरले. गवंड्याला दोनदा बोलवावे लागणार होते. पण जावयाचा शब्द, राहू दिला.

तरी जावईबापूंचे मन बोरीवर होते, हे न सांगता कळत होते. त्या हिवाळ्यात त्यांचा दोन-तीनदा फोन आला आणि प्रत्येक वेळी ते बोरीची चौकशी करीत. मी त्यांना म्हाताऱ्याचे वाक्य आठवून द्यायचो आणि त्याला आधार म्हणून सुप्याची गोष्ट सांगायचो.

इंदापूरची 30 वर्षांची मुदत 1860 च्या दशकात भरली आणि 1867 च्या सुमारास आकाराची फेरपाहणी झाली. मधल्या काळात, 1861 ते 1865 या वर्षांत, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बाजार चढलेला, शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळणारा. पाहणाऱ्यांनी ती पालवी पाहिली आणि आकार वाढवला. युद्ध संपले, भाव ओसरले. आकार मात्र वाढलेलाच राहिला. सारा भरायला सावकार, सावकाराला गहाणखत. शेवटी 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारी रयतेने सावकारांची दुकाने गाठली आणि खतपत्रे, चोपड्या जाळल्या. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामतीत आहे. तिथून हे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांची कारणे अनेक होती, हे खरे. पण ओल्या सालातले रूप पाहून कायमचा आकार बसवला की काय होते, हे शिकायला आमच्या तालुक्याबाहेर जावे लागत नाही.

वैशाखात आम्ही तिघे पुन्हा माळावर गेलो. सकाळी नऊलाच मुरूम तापला होता. माळ सपाट, पिवळा, चरून चरून खरवडलेला. बोरीची पाने बहुतेक झडली होती आणि तिच्या आतले सगळे उघडे पडले होते. लेक तिच्याजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "बाबा, इकडे या." काट्यांच्या आत, जिथे शेळीचे तोंड पोचत नाही तिथे, वाळलेल्या गवताची दाट झालर होती. पवन्या आणि मारवेल. ही गुरांची आवडती गवते. चराईच्या माळावर उघड्यावर ती टिकत नाहीत. तिथे मात्र ती फुलली होती, पिकली होती, आणि त्यांचे बी खाली सांडले होते. बुंध्याच्या दुसऱ्या अंगाला माती दबून गुळगुळीत झालेली, सशाने बसायला केलेली जागा. पहिला पाऊस पडला की त्या बोरीपासून उताराच्या दिशेने गवत पसरणार, हे कोणाला सांगायला नको होते.

मी काही बोललो नाही. हक्काचा प्रश्न नव्हता. मालकाने राजीखुशीने दिलेले होते. जावईबापू बराच वेळ उभे होते. मग बुंध्यावरच्या घावावर हात ठेवून म्हणाले, "मामा, ही राहू द्या. आपण फक्त झाड मोजत होतो."

रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या त्या राजनीतीच्या ग्रंथात, आरमाराचे प्रकरण आहे. जहाजांना लाकूड हवे. पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, असे तिथे बजावले आहे, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. मात्र एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे; जबरदस्ती करू नये. वर्गात हा उतारा मी कितीतरी वर्षे शिकवला. रानातून झाड उचलणाऱ्यासाठी याहून नेटका नियम मला आजवर भेटलेला नाही. ज्या झाडाचा दिवस तिथे भरला आहे ते पाहावे, मालकाला विचारावे, आणि ज्याचे तिथे अजून काम आहे ते सोडावे. बोरीचे काम होते. भिंतीतल्या पिंपळाचे पुढच्या महिन्यात सरपणच होणार होते, मुंजाची भीड मोडायला कोणी मिळाला असता तर.

आषाढात दोन दिवस झड लागली आणि जावईबापू रजा काढून आले. गवंड्याने वरून एकेक दगड उतरवला. झाड ओढायचे नाही, भिंतच झाडापासून सोडवायची. उघडी पडतील तशी मुळे ओल्या पोत्यात गुंडाळली. लांब मुळे धारदार कात्रीने छाटली, पानेही बरीच कमी केली, म्हणजे मुळांवर भार पडत नाही. खोड दोन वितींवर कापले. आंब्याच्या लाकडी पेटीत विटांचे तुकडे, जाडी वाळू आणि थोडे शेणखत भरून झाड दोरीने घट्ट बांधले, कारण हलले तर कोवळी मुळे तुटतात. अण्णांनी पैसे घेतले नाहीत. सव्वा रुपया आणि नारळ घेतला, तोही मुंजाच्या नावाने.

पेटी आमच्याच परसात, भिंतीच्या सावलीला ठेवली. पहिल्या तीन आठवड्यांत पालवी आली, तेव्हा मी कोणालाही बोलावून दाखवली नाही. हिवराने एवढे शिकवले होते. श्रावण गेला, भाद्रपद गेला. आश्विनात पेटीच्या फटीतून पांढरे, जिवंत मूळ बाहेर आलेले दिसले, तेव्हा मात्र मी पुण्याला फोन केला. अजून दोन वर्षे त्याला कात्री लावायची नाही, उथळ कुंडीत तर नंतरच. त्याचा वामनवृक्ष व्हायला आणखी दहा वर्षे. तोवर मी असेन-नसेन. सौ. रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घालते आणि शनिवारी हळूच एक पणती ठेवते. वाढ खुंटण्याविषयी ती आता बोलत नाही.

हे लिहितो आहे तेव्हा दिवाळी पंधरा दिवसांवर आली आहे. जावईबापूंची गेल्या वर्षीची अंगठी राहिली होती, ती यंदा केली आहे. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा माळावर जायचे ठरले आहे. या वेळी पहार न्यायची नाही, फराळाचा डबा न्यायचा. म्हातारबा कोकणात उतरण्याआधी त्याला गाठले पाहिजे.